दोन कप चहा आणि सात कुंड्या

मैत्रिणींनो, तुमच्या घरात साखरेचा डबा कुठं असतो? ओट्याच्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्याला खेटून, हो ना? आमच्याकडे गेल्या वर्षी तो तीन आठवडे तांदळाच्या पिंपात होता! आणि तिथं तो मीच दडवला होता. मुंग्यांच्या भीतीनं नव्हे हं, आमच्या घरच्या मंडळींच्या भीतीनं. हसा, खुशाल हसा. पण हसून झालं की पुढचं वाचा. कारण तुमच्यापैकीही कुणी ना कुणी असा डबा दडवला असेल, याची मला खात्री आहे.

झालं असं, की मे महिन्यात ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी रक्ततपासणी असते, तिचा आकडा आला 6.3. डॉक्टर म्हणाले, "5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण दारात उभा आहे. वजन थोडं उतरवा, रोज चाला, गोड कमी करा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू." झालं एवढंच. हे शांतपणे घरी आले, कागद टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखे म्हणाले, "चहा टाक गं."

माझ्या मात्र हातापायातलं बळच गेलं. माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षं मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं पायाच्या जखमेनं गेली. आधी एक बोट काढावं लागलं, मग दुसरं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. ती जखम धुवायला, पट्टी बदलायला मी असायची. त्या औषधाचा वास अजून माझ्या नाकात आहे. आणि आता ह्यांचं वय एकेचाळीस, मुलगा आठ वर्षांचा.

पण मी हे बोलले का? छे! मी पडले अर्धवेळ का होईना, मास्तरीण. भीती वाटली की माझ्या तोंडून शिस्त बाहेर पडते. दुसऱ्या दिवसापासून घरात वर्ग भरला. चहा बिनसाखरेचा, तोही सकाळी एकच. डब्यात कोशिंबीर आणि दोन पोळ्या. आंब्याच्या दिवसांत ह्यांच्या ताटात आंब्याची एक फोड, तीही मोजून. "किती पावलं झाली? ऑफिसात केक कुणाचा होता? तुम्ही खाल्लात का?" साखरेचा डबा तर, सांगितलंच, पिंपात!

हे काही बोलायचे नाहीत. निमूटपणे ते बिनसाखरेचं पाणी प्यायचे. मला वाटलं, काय गुणी माणूस! मग एका रविवारी विजेचं बिल भरायला मी ह्यांचा फोन घेतला, तर त्यात ओळीनं दहा-दहा रुपये दिल्याची नोंद. रोज दोनदा. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सव्वासातला. स्टेशनबाहेरची चहाची टपरी!

मग काय विचारता! मी बोलू नये ते बोलले. हे ऐकून घेत होते. शेवटी एकच वाक्य म्हणाले, "तू मला बाबांच्या खाटेवर नेऊन झोपवलंस गं. मी अजून चालताफिरता आहे."

त्यानंतर चार दिवस घरात अबोला. भांड्यांचा आवाज तेवढा मोठा. आमच्या चिरंजीवांनीसुद्धा विचारलं, "आई, तू बाबांशी कट्टी आहेस का?"

पाचव्या दिवशी सासूबाई आल्या चिपळूणकडून. त्यांच्या पिशवीत नेहमीचं सगळं होतं: कोकमं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं गवती चहाचं एक थोंब, शिवाय पातींची जुडी. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या लेकाला म्हणाल्या, "हे आजच्या आज लागलं पाहिजे, नाहीतर वाळेल. कुंडी आहे का?" कुंडी होती. तिच्यात वाळलेलं गुलाबाचं खोड होतं, दोन वर्षांपासून. आम्ही डोंबिवलीकर, गॅलरी चार बाय आठ फुटांची. तिचा उपयोग कपडे वाळत घालणं आणि जुनी सायकल ठेवणं एवढाच.

ह्यांनी खोड उपटलं, मी माती मोकळी केली. ह्यांनी थोंब धरलं, मी भोवती माती लोटली. "पाणी घाल." "एवढं पुरे?" "अजून थोडं." चार दिवसांनी आम्ही एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या, चिरंजीव खाली खेळायला गेले होते. हाताला माती तशीच होती. मी म्हटलं, "चहा टाकू?"

त्या संध्याकाळी मी पातीचा चहा केला. पिंपातून डबा काढला, साखर वाटीत घेतली, चमचा ठेवला आणि वाटी दोघांच्या मध्ये ठेवून म्हटलं, "तुमचं तुम्ही घाला." ह्यांनी दीड चमचा घातला. मी ओठ दाबून गप्प बसले. आणि मग कसं कोण जाणे, तोंडून निघालंच, "मला फार भीती वाटते हो. त्या पट्ट्या मला पुन्हा बांधायच्या नाहीत." हे बराच वेळ कपाकडे बघत होते. म्हणाले, "मला काय वाटत नाही? म्हणून तर टपरीवर थांबतो. तिथं दहा मिनिटं मी कुणाचा पेशंट नसतो."

मैत्रिणींनो, बारा वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी किती हजार कप चहा प्यायलो असू! पण मी ओट्याशी उभी राहून आणि हे वर्तमानपत्राआड. समोरासमोर बसून प्यायलेला हा किती दिवसांनी होता, ते आठवेना.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाज पडलाय. संध्याकाळी साडेसातला हे आले की गॅलरीत दोन खुर्च्या, दोन कप, वीस मिनिटं. फोन आत. आणि त्या वीस मिनिटांत तीन विषयांना बंदी: तपासणीचा कागद, बिलं आणि माझी शाळा! मग बोलायचं काय? पहिले दोन दिवस खरोखरच प्रश्न पडला. मग कुंडी मदतीला आली. "नवा कोंब आलाय बघ." "पुदिना लावू या का?" एका कुंडीच्या सात कुंड्या झाल्या त्या अशा.

आता कामाचं बोलू या.

चहा, दोघांपुरता

दोन कपांसाठी दीड कप पाणी घ्यावं. गवती चहाच्या तीन-चार पाती धुऊन त्यांची गाठ मारावी, म्हणजे गाळताना त्रास नाही. पाणी उकळलं की पाती घालून झाकण ठेवावं आणि दोन-तीन मिनिटं मंद आचेवर राहू द्यावं. झाकण विसरू नका, नाहीतर सुगंध सगळा शेजाऱ्यांकडे जातो! मग अर्धा इंच आलं ठेचून घालावं. आलं नेहमी पाण्यात उकळावं, कच्चं ठेचलेलं आलं दुधात पडलं तर दूध फाटायची भीती. त्यानंतर दोन सपाट चमचे चहापूड घालून एक उकळी आणावी, वेगळं तापवलेलं अर्धा-पाऊण कप दूध ओतावं आणि गाळावं. साखर भांड्यात घालू नये. ज्यानं त्यानं आपल्या कपात घालावी. भांड्यात घातली की ती कुणाच्या हिशेबात येत नाही.

हिशेबाचंच बोलायचं तर चहाच्या सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर बसते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर झाली 32 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलंय, की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे बिस्किट, सॉस, सरबत यांना हातही न लावता नुसत्या चहानंच आपण ती रेघ ओलांडतो.

पण माझ्यासारखा घाव घालू नका. जीभ हळूहळू शिकते. आम्ही दीडवर दोन आठवडे थांबलो, मग एक, मग पाऊण. आता हे अर्ध्या चमच्यावर आहेत आणि दिवसाला दोनच कप. जुन्या मापानं केलेला चहा एकदा कुणाकडे प्यायले, तर घरी येऊन म्हणाले, "बासुंदी होती गं!" पातीचा आणि आल्याचा वास असला की साखरेची उणीव तितकीशी जाणवत नाही, हा आमचा अनुभव.

आणि हो, गुळाच्या चहाबद्दल तुम्ही विचारणारच. चव छान असते, प्रश्नच नाही. पण गूळ म्हणजेही साखरच. रक्तातल्या साखरेला त्याचं वेगळं कौतुक नाही. चवीसाठी प्या, औषध म्हणून नको. गूळ दुधाबरोबर उकळू नका, फाटतं. गॅस बंद केल्यावर घाला.

गॅलरीतली बाग

आमच्या गॅलरीत दुपारी दीडनंतर ऊन येतं, चार तास टिकतं. तेवढ्यावर या सातजणी सुखानं नांदतात. कुंडीला खाली भोक हवं, त्यावर कौलाचा तुकडा ठेवावा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानंच मरतात, हे मी तीन झाडं मारून शिकले.

गवती चहा: थोंबातून मुळासकट दोन-तीन कोंब सुटे करून लावावेत, पावसाळ्याच्या तोंडाशी. ऊन भरपूर हवं. दोन महिने हात लावू नये, मग बाहेरच्या पाती चार बोटं खोड ठेवून कात्रीनं कापाव्यात. हातानं ओढू नका, पातीची धार बोट कापते. वर्षा-दोन वर्षांनी थोंब वाटून शेजारणीला द्यावं. दिल्यानं तोही सुटतो, तुम्हीही.

पुदिना: विकत आणायचं कारण नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पेल्यात पाण्यात उभ्या करा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग कुंडीत लावा, पण स्वतंत्र कुंडीत. पुदिना हा फार पसरणारा पाहुणा आहे, दुसऱ्याला जागा ठेवत नाही. थोडी सावली असली तरी चालते.

कोथिंबीर: धणे लाटण्यानं हलकेच दाबून दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत, मग पसरट कुंडीत पेरावेत. आठ ते बारा दिवस काही दिसत नाही, तेवढ्यात धीर सोडून माती उकरू नका. चिरंजीवांनी आमच्याकडे उकरली होती! थंडीत उत्तम येते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, तेव्हा तिला सुट्टी द्यावी.

पानओवा: चार बोटांची फांदी मातीत खोचली की लागते. पाणी बेतानं, नाहीतर कुजतो. पानं जाड, वासाची. भजीला तर आहेतच, पण बारीक चिरून धिरड्यातही छान लागतात.

आलं: डोळा फुटलेला तुकडा मे महिन्यात पसरट कुंडीत दोन इंच खोल लावावा. पानं पिवळी पडून वाळली की, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी, काढावा. तोवर कुंडीच्या कडेनं हळूच एखादं ओलं आलं काढलं, तर कोण बघतंय?

कढीपत्ता: याला सबुरी लागते. पहिलं वर्षभर तो जणू रुसूनच बसतो. एक फूट उंच झाला की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. कुंडी बारा इंचांपेक्षा लहान नको.

तुळस: मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की पानं भरगच्च येतात.

चहाचा चोथा कुंडीत घालता का? घाला, पण दूध-साखर लागलेला तसाच घातलात तर मुंग्या आणि चिलटं. पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, मग चमचाभर मातीत मिसळा.

चहाबरोबर काय?

बिस्किटांचा पुडा आम्ही बंद केला. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा तरी मुगाचं धिरडं. एक वाटी सालाचे मूग रात्री भिजवावेत, हिरवी मिरची, आलं, जिरं घालून वाटावेत. मीठ, मूठभर कोथिंबीर, पानओव्याची तीन-चार पानं चिरून घालावीत. तव्याला तेलाचं बोट फिरवून पातळ घालावीत. सोबत चटणी: दोन मुठी पुदिना, एक मूठ कोथिंबीर, एक मिरची, चार डाळं, लिंबाचा रस, मीठ. डाळ्यानं चटणीला पाणी सुटत नाही. चटणी वाटणं हे ह्यांचं खातं. पुदिना खुडण्यापासून मिक्सर धुण्यापर्यंत! पहिल्या दिवशी देठांसकट वाटली होती, मी एक शब्द काढला नाही. केवढा संयम, माझं मलाच नवल वाटलं.

आणि भजी? महिन्यातून दोनदा, पाऊस पडत असला तर तीनदा. पाऊस पडत असताना पानओव्याची भजी न करणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तुम्ही विचाराल, आकड्याचं काय झालं? सप्टेंबरात पुन्हा तपासलं, 5.9 आला. उंबरठ्यावरच आहोत, पण पाऊल एक बोट मागे आलंय. हे गवती चहानं झालं असं मी मुळीच म्हणणार नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. रोज पाऊण तास चालणं, रात्रीचा भात निम्मा, साखर कमी, या सगळ्याचं ते फळ. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी पातीचा चहा प्यावा म्हणून गोळी सोडू नये. पण एक नक्की सांगते. चालायला हे आपणहून जाऊ लागले ते त्या संध्याकाळनंतर. मी पहारा सोडला, तेव्हा.

टपरीचं म्हणाल तर अजून शुक्रवारी एक कप होतो. मला सांगून होतो. एका शुक्रवारी मी स्टेशनवर गाठलं आणि दोघांनी मिळून घेतला. मैत्रिणींनो, चहा फक्कड होता!

तुमचं पत्र

नाशिकच्या एक मैत्रीण लिहितात, "मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. पालेभाजी, डाळ सगळं खाते, पण जेवण झालं की लगेच चहा लागतो. चालेल का?" ताई, ती सवय तेवढी मोडा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. जेवताना वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्याही चहाबरोबर नकोत. गवती चहाच्या पातीत खरी चहाची पानं नसतात, पण आपण तिच्यात चहापूड घालतोच, तेव्हा तोही नियमातून सुटत नाही.

शेवटी एक मागणं. या आठवड्यात एक दिवस तरी आपला कप ओट्याशी उभ्याउभ्या संपवू नका. खुर्ची ओढा, समोरच्यालाही बसवा. बोलायला विषय नसला तर एक कुंडी आणा. आणि काळजीपोटी काही दडवलं असेल, डबा असो की मनातली भीती, तर ते बाहेर काढून टेबलावर ठेवा. पिंपात राहिलं की साखरेलाही तांदळाचा वास लागतो, स्वानुभवानं सांगते!

पुढच्या आठवड्यात थंडीतल्या भाज्या कुंडीत कशा लावायच्या ते बघू. तोवर धणे भिजत घाला.